आधी वाजणारी गाडी

शेवटी आमच्या गाडीतला आवाज सापडला. कुठून येतो, कधी येतो, कोण काढतं, सगळं सापडलं आणि त्या दिवसापासून आमच्या आप्पांनी स्टिअरिंगला हात लावला नाही.

आता हे विसरा. आमच्या घराची अधिकृत भूमिका अशी आहे की गाडीत कधी आवाज नव्हता, तो कुणी शोधला नाही आणि आप्पांनी गाडी चालवायची सोडली ती कंटाळा आला म्हणून. आई पाहुण्यांना हेच सांगते. मीही हेच सांगतो. तेव्हा नऊ वर्षांपूर्वीच्या जुलै महिन्यातला, न घडलेला एक आठवडा पुढे देतो आहे.

मंगळवारी सकाळी मी कराडहून ओगलेवाडीकडे गाडी चालवत होतो. डावीकडे आप्पा, म्हणजे माझे वडील, कान टवकारून बसले होते. रस्ता मोकळा होता.

ठक्.

आवाज खालून आला. लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा नाही, पण लोखंडावर काहीतरी. फार मोठा नाही, पण ठाम. एखाद्यानं दारावर एकदाच टकटक करावी आणि आत बोलावण्याची वाट बघावी तसा.

"आला," आप्पा म्हणाले.

"आला."

"तू काय केलंस?"

"काही नाही. पुढं स्पीडब्रेकर आहे म्हणून ब्रेकवर पाय ठेवणार होतो."

"ठेवणार होतास का ठेवलास?"

"ठेवणार होतो."

"म्हणजे तुझ्या नुसत्या विचारानं गाडी वाजायला लागली म्हणायची."

इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत हा विषय आम्हाला नव्हता.

आप्पांना गावात सगळे मास्तर म्हणायचे. 'थोरवडे मोटार ड्रायव्हिंग स्कूल' त्यांनी एकतीस वर्षं चालवलं. कराडात जो माणूस सिग्नलला थांबतो तो आप्पांचा विद्यार्थी. जो थांबत नाही तोही त्यांचाच, पण त्याचं नाव ते घ्यायचे नाहीत. शिकवायची रीत एकच. गाडी बंद, अंगणात उभी. शिकणाऱ्यानं डोळे मिटायचे आणि मास्तर पुकारतील त्या पेडलवर पाय ठेवायचा. बरोबर की चूक ते सांगायचे नाहीत, फक्त म्हणायचे, "डोळे उघड." उघडून ज्यानं त्यानं आपलं बघायचं. तीनदा विचारणार, तीनदा बरोबर आलं तरच गाडी फाटकाबाहेर. एका फौजदाराला त्यांनी आठवडाभर अंगणात ठेवलं होतं. मला नऊ दिवस.

साखरेच्या आजारानं ते दमायला लागले तेव्हा, म्हणजे त्या वर्षीच्या फेब्रुवारीत, आईनं हट्टानं शाळा बंद करायला लावली. शाळेची गाडी घरची झाली. जूनमध्ये पुण्यातली माझी नोकरी गेली आणि मी घरी आलो. आवाज त्याच आठवड्यात सुरू झाला. यावरून आईनं काढायचा तो अर्थ काढला.

"तू आल्यापासनं वाजतंय," ती म्हणाली.

आवाज शोधायला मुदत होती रविवारची. माझ्या बहिणीला, शलाकाताईला, सातवा महिना होता. रविवारी चिपळूणला तिच्या सासरी डोहाळजेवण आणि त्याच दिवशी तिला बाळंतपणासाठी माहेरी आणायचं, कुंभार्ली घाट चढून. दाजींनी त्यांची नवी गाडी आणि ड्रायव्हर देऊ केला होता. आप्पांनी फोनवर एवढंच विचारलं, "ड्रायव्हर कुणाकडं शिकलाय?" दाजींनी फोन ताईकडे दिला.

"माझी लेक माझ्या गाडीतनं येणार आणि गाडी मी चालवणार," आप्पा म्हणाले. "पण ज्या गाडीत न सापडलेला आवाज आहे, तिच्यात पोटुशी पोर घालून मी घाट चढणार नाही. रविवारच्या आत सापडला पाहिजे."

बुधवारी आम्ही दस्तगीर मिस्त्रींच्या गॅरेजला गेलो. ही गाडी शाळेत आली तेव्हापासून त्यांच्याच हाताखाली होती. ते गाडीखाली शिरले ते दुपारपर्यंत बाहेर आले नाहीत. मधूनमधून फक्त हात बाहेर यायचा आणि मी त्यात पाना ठेवायचा.

"मास्तर," शेवटी बाहेर येत ते म्हणाले, "बुश बदललं, लिंक रॉड बदलला, इंजिनचं माउंटिंग बदललं. आता या गाडीत बदलायचं ऱ्हायलंय ते फकस्त तुम्ही."

"मी ओरिजिनल आहे. माझा पार्ट मिळत नाही."

मग चाचणी. दस्तगीरभाई एकटे चक्कर मारून आले, गाडी गप्प. आप्पांनी चालवली, दस्तगीरभाई शेजारी, तरी गप्प. मी चालवली, आप्पा शेजारी, आणि वळायच्या आधीच ठक्. दस्तगीरभाईंनी चालवली, आप्पा शेजारी, मी मागे. ठक्, आणि थोड्या वेळानं पुन्हा ठक्.

"बघा," आप्पा समाधानानं म्हणाले. "माझा हात ओळखते. परक्यानं चालवली की कुरकुरते."

"मी एकटा गेलो तवा?"

"तेव्हा तुझी भीड पडली असेल."

दस्तगीरभाईंनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मास्तर, एक बोलू का? राग मानू नका. तीस वर्सं झाली या धंद्यात. गाडी खड्ड्यात गेली की वाजती. ही खड्ड्याच्या आधी वाजती."

त्यांनी मागच्या रस्त्याकडे बोट केलं.

"आत्ता त्ये कुत्रं आडवं आलं. आवाज कधी आला?"

"कुत्र्याच्या आधी," मी म्हणालो.

"मला कुत्रं दिसायच्या आधी. मी चालवतुया, मला दिसलं न्हाय. मग गाडीला कसं दिसलं?"

आम्ही तिघंही समोर बॉनेटकडे बघत राहिलो. ते नेहमीसारखंच होतं, एका बाजूनं रंग उडालेलं. मला काहीतरी विनोद करायचा होता. असल्या वेळी मला सुचतो. त्या वेळी सुचला नाही.

गुरुवारपर्यंत ही बातमी गावभर झाली होती. शेजारच्या लोखंडेकाकू आईला विचारून गेल्या, शनिवारी मुलीसाठी स्थळ बघायला जायचंय तर तुमच्या गाडीतनं नेता का, त्यांच्या दारात वाजली तर नकोच म्हणून कळवू. आईनं त्यांना चहा दिला आणि त्या गेल्यावर आप्पांसमोर येऊन उभी राहिली.

"जिला पुढचं कळतं त्या गाडीत माझी पोर बसणार नाही."

"अगं, कळतं तर चांगलंच की," मी म्हणालो. "नवीन गाड्यांना ह्याचे जास्त पैसे पडतात."

"तू गप. तू आल्यापासनं वाजतंय."

त्या दिवशी मी आप्पांना घेऊन मुद्दाम पाचवड फाट्यापर्यंत जाऊन आलो. आवाज आला आणि बोळातून ट्रॅक्टर निघाला. आवाज आला आणि उभ्या टेम्पोचं दार उघडलं. आवाज आला आणि एक सायकलवाला मागे न बघता वळला. प्रत्येक वेळी आधी ठक्, मग ते संकट, आणि सगळ्यात शेवटी मी. आवाज मंगळवारपेक्षा जोरात होता, त्यात शंका नव्हती. परत येताना एकदा आवाज आला आणि पुढं काहीच घडलं नाही. रस्ता रिकामा, दोन्ही बाजूंना ऊस, कुणी आडवं आलं नाही. त्याला मी सगळ्यात जास्त घाबरलो. कारण ते जे काही होतं, ते अजून यायचं होतं.

"मास्तरांच्या पोरा, तू मागं खाली झोप," शुक्रवारी दस्तगीरभाई म्हणाले. त्यांनी मागचं मॅट काढून टाकलं होतं. "कान पत्र्याला लाव. बॅटरी घे. आवाज कुठनं निघतुया एवढंच बघायचं."

"मी वरनं ऐकतो," आप्पा म्हणाले आणि नेहमीप्रमाणे पुढं डावीकडे बसले.

मी मागच्या सीटच्या पायाशी पालथा झालो. पत्रा कोमट होता. त्याला पेट्रोलचा, मातीचा आणि शिकायला आलेल्या घाबरलेल्या माणसांच्या पायांचा वास होता. पुढच्या सीटखाली चार बोटांची फट होती. तिच्यातून बॅटरी मारली तर आप्पांचे दोन पाय दिसत होते, दोन्ही पायांत चामडी चपला.

गाडी निघाली. बाजार ओलांडला असावा, कारण हॉर्न कमी झाले. आप्पांचा उजवा पाय उचलला गेला, हवेत जरा थांबला आणि खाली आला.

ठक्.

"आला!" वरून आप्पांचा आवाज. "मक्या, आला बघ! कुठनं आला?"

मी बॅटरी तशीच धरून होतो. शाळेच्या गाडीत मास्तरांच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक असतो, म्हणजे शिकणारा गोंधळला तर गाडी मास्तरांना थांबवता येते. गाडी घरची करताना ती पेडलं कापून काढावी लागली होती. ब्रेक जिथं होता तिथं लोखंडी पट्टीचं बोटभर खोडकं उरलं होतं, वरून मॅटच्या कडेनं झाकलेलं, मागून मात्र उघडं. चप्पल त्या पट्टीवर आपटत होती. आणि चपलेबाहेर आलेला अंगठा पट्टीच्या कापलेल्या कडेवर. अंगठा फुटला होता. पट्टीवर काळं, वाळलेलं रक्त होतं आणि त्याच्यावर ताजं.

पाय पुन्हा उचलला गेला.

ठक्.

"हा तर लईच जोरात! सापडला का?"

"नाही," मी म्हणालो.

"नीट ऐक की लेका, झोपलास का?" ते हसत होते. खाली अंगठ्यातून रक्ताचा थेंब मॅटवर पडला आणि वर ते हसत होते.

गॅरेजला आल्यावर आप्पा समोरच्या टपरीवर चहा सांगायला गेले. चालताना त्यांचा पाय जरासुद्धा लंगडत नव्हता. मी दस्तगीरभाईंना काही न बोलता पुढचं मॅट उचलून दाखवलं. ते वाकले, पट्टीला बोट लावलं, बोट बघितलं.

"ही पेडलं मीच कापली," ते म्हणाले. मग पायरीवर बसले. "म्हंजे गाडी न्हाय, मास्तर ब्रेक मारत्यात. आपल्या आधी दिसतंय त्यांना, म्हणून आधी मारत्यात."

"त्यांना माहीत नाही."

"पर एवढं लागतंय. रगत आलंय. माणसाला कळंल का न्हाय?"

आम्ही दोघांनी टपरीकडे बघितलं. आप्पा कुणाला तरी हातवारे करून यू-टर्न समजावत होते. मला मागच्या महिन्यात घासलेला आमच्या फाटकाचा खांब आठवला. तेव्हा आप्पा म्हणाले होते, खांब पुढं आलाय.

"उजवा पाय," दस्तगीरभाई हळूच म्हणाले. "गाडी चालवताना बी ब्रेकवर त्योच असतुया."

घरी आल्यावर मी हळद आणि कापूस घेऊन आप्पांसमोर बसलो. ते पेपर वाचत होते.

"पाय द्या."

"का रे? अरे, हे कधी लागलं?"

"दुखतंय का?"

"छे."

मी कापूस जखमेवर धरला आणि दाबला. मग अजून दाबला. त्यांनी पान उलटलं. माझा अंगठा पांढरा पडेपर्यंत मी दाबत होतो.

"लावतोयस ना हळद?" ते पेपरमधून म्हणाले. "मग लाव की, कसली वाट बघतोयस?"

दारात आई उभी होती. तिनं ते बघितलं. ती आत गेली आणि बराच वेळ स्वयंपाकघरातून भांड्याचा आवाज आला नाही.

आप्पांनी पेपरची घडी घातली. "मी विचार केला," ते म्हणाले. चेहरा उजळला होता. "तू चालवलीस की वाजते. दस्तगीरनं चालवली की वाजते. मी चालवली की एकदाही वाजलेली नाही. म्हणजे इलाज सापडला. रविवारी तू हात लावायचा नाहीस. जाताना येताना मीच चालवणार. ताई सुखरूप."

सगळा पुरावा त्यांच्या बाजूनं होता. मी स्वतः चार दिवस राबून तो गोळा केला होता. इतकं बिनचूक गणित आणि इतकं भयंकर उत्तर मी त्याआधी बघितलं नव्हतं.

शनिवारी सकाळी त्यांनी गाडी धुतली, काचा पुसल्या, ताईसाठी मागच्या सीटवर उशी ठेवली आणि स्टिअरिंगवर जाऊन बसले. मी डावीकडे बसलो. किल्ली फिरवायच्या आत मी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"आप्पा, डोळे मिटा."

"काय?"

"गाडी बंद आहे. अंगणात आहे. डोळे मिटा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

"मला शिकवतोस?"

"नाही. मला रविवारी मागे बसायचंय, म्हणून विचारतोय."

ते हसले. मान मागे टेकवली आणि डोळे मिटले. दोन्ही हात स्टिअरिंगवर, जसे ते सगळ्यांना ठेवायला लावायचे तसे.

"ब्रेक," मी म्हणालो.

उजवा पाय उचलला गेला आणि ठामपणे खाली आला. ॲक्सिलरेटरवर.

"हं," आप्पा म्हणाले. "पुढं?"

"डोळे उघडा."

त्यांनी उघडले. खाली बघितलं. पाय तिथंच होता, आरामात, जणू दुसऱ्या कुणाचा तरी. अंगणात आई कपडे वाळत घालत होती. ती थांबली होती, हातात पिळलेलं लुगडं तसंच.

"परत विचार," आप्पा म्हणाले आणि डोळे घट्ट मिटले. या वेळी त्यांनी पाय सावकाश नेला, चाचपत. कपाळावर आठ्या पडल्या. पाय दोन पेडलांच्या मधे, नुसत्या जमिनीवर टेकला आणि त्यांनी तो जोरात दाबला.

"डोळे उघडा."

तिसऱ्या वेळी तो ब्रेकवर गेला, अगदी मधोमध. आप्पांनी डोळे उघडले, बघितलं, पण त्यांना आनंद झाला नाही.

"तीनपैकी एक," ते म्हणाले.

"लेखी असतं तर काठावर पास," मी म्हणालो. माझ्या तोंडून गेलं ते. असल्या वेळी सुचू नये तेव्हा सुचतं.

"रस्त्यावर काठावर पास नसतं, मक्या." त्यांनी स्टिअरिंगवरून हात काढले. "काल आवाज सापडला होता ना?"

"हो."

"कुठनं येतो?"

मी माझ्या पायाखालचं मॅट उचललं. ते सीटवरून वाकले. पट्टी बघितली, तिच्यावरचा डाग बघितला, मग स्वतःच्या अंगठ्याचं बँडेज बघितलं.

"म्हणजे गाडी ठणठणीत आहे," ते म्हणाले.

"एकदम."

"मग उद्या आणायची पोरीला. तू चालव." त्यांनी किल्ली काढून माझ्या मांडीवर ठेवली. दार उघडून उतरले, बॉनेटला वळसा घालून माझ्या बाजूला आले आणि मी उतरायची वाट बघत उभे राहिले. "आणि आईला सांग, आवाज नव्हताच."

आई तिथून दहा पावलांवर होती. तिनं लुगडं झटकलं आणि दोरीवर टाकलं.

रविवारी परत येताना कुंभार्ली घाटात धुकं होतं. ताई आणि आई मागे, आप्पा डावीकडे. अंगठा जपायला मी पट्टीवर जुन्या ट्यूबचा जाड तुकडा बांधला होता, त्यामुळे आवाज आता थप् असा यायचा.

थप्.

"मक्या," ताई म्हणाली, "काहीतरी वाजतंय रे."

"कुठं काय?" मी आणि आप्पा एकदमच म्हणालो.

चौथ्या वळणापर्यंत माझ्या लक्षात आलं की मी रस्ता बघून ब्रेक मारत नव्हतो, आवाज ऐकून मारत होतो. धुकं आणखी दाट झालं. समोर नुसतं पांढरं. थप् झालं, त्यावर लगेच दुसरं थप्, आणि मी ब्रेकवर दोन्ही पायांनी उभा राहिलो. गाडी थांबली. वायपर दोनदा फिरले आणि हातभर अंतरावर बंद पडलेल्या ट्रकची मागची फळी दिसली. ना दिवा, ना दगड, ना फांदी.

मागे ताईनं पोट दोन्ही हातांनी धरलं होतं. "तुला दिसला तरी कसा?" ती म्हणाली.

आप्पा समोर बघत होते. "चांगल्या मास्तराकडं शिकलाय," ते म्हणाले.

त्यानंतर सात वर्षं ते डावीकडे बसले. मी ट्यूबचे बरेच तुकडे बदलले. भाची शाळेत जायला लागली तेव्हा तिलाही तो आवाज ऐकू यायचा आणि तिलाही आम्ही सांगायचो, कुठं काय. दोन वर्षांपूर्वी आप्पा गेले. या महिन्यात गाडीची पुनर्नोंदणी आहे, त्याआधी निरीक्षक ती तपासणार आहेत. सोबतचा अर्ज मी फॉर्मला जोडून काल टपालानं पाठवला.

मा. उपप्रादेशिक परिवहन अधिकारी यांच्या सेवेशी. विषय: खाजगी वाहनाच्या तपासणीबाबत. महोदय, सदर वाहन गेली दोन वर्षे कोणताही आवाज न करता चालत असून ही बाब अर्जदारास अत्यंत धोकादायक वाटते. तरी तपासणीच्या वेळी चालकास अडथळा दिसण्यापूर्वी वाहनाच्या पुढील डाव्या बाजूकडून आवाज येतो किंवा नाही याची समक्ष खात्री करून घ्यावी, आणि तो न आल्यास, पुन्हा येईपर्यंत सदर वाहन रस्त्यावर आणण्यास अपात्र ठरवण्यात यावे, ही विनंती.